माग बंद होते तो अर्धा तास

नाना,

परवा धाकट्याच्या मुलीने मला फोनवर दोन फोटो पाठवले. एकात लाल डबा, एकात काळा, माइक कॉम्प्युटरला जोडायचे. खाली लिहिलं होतं, 'आत्या, घरीच रेकॉर्डिंग सुरू करायचंय. यातला कुठला इंटरफेस घेऊ?' ही मुलगी तुम्ही पाहिलेली नाही. तुम्ही गेलात तेव्हा तिच्या आईबापाचं लग्नही ठरलेलं नव्हतं. गाते बरी आणि हट्टी आहे, म्हणजे आपल्याच घरातली आहे याबद्दल शंका नको. मी तिला शहाण्यासारखं लांबलचक उत्तर लिहिलं. एका वेळी किती जण गाणार ते आधी ठरव आणि तेवढ्याच माइकांची सोय असलेला घे, उगाच आठ माइकांचा घेऊन सात जागा रिकाम्या ठेवू नकोस. हेडफोनचं बटण वेगळं आहे का बघ. रंगावर जाऊ नकोस. आणि शेवटी लिहिलं, की खोलीत कसला आवाज येतो ते बाहेरच्या माणसाला बसवून विचार, स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवू नकोस. तिचं लगेच उत्तर आलं, 'माझी रूम एकदम शांत आहे गं.' मी फोन उपडा ठेवला आणि कुकर लावला. काही वाटलं नाही. दोन दिवसांनी भांडी घासताना लक्षात आलं, की मी तुमच्याशी बोलते आहे, आणि तुम्ही असताना बोलावं लागायचं तेवढ्याच मोठ्याने. शेजारणीने भिंतीवर दोनदा ठोकलं. त्यापेक्षा लिहिलेलं बरं.

नवागामची आपली खोली वरच्या मजल्यावर होती आणि खाली शेठचं खातं. मागांच्या शेडला सुरतेत खातंच म्हणतात. बँकेतही खातं असतं आणि तिथे कोणी कापड विणत नाही, हे मला शाळेत गेल्यावर कळलं. चोवीस माग, दोन पाळ्या, रात्रंदिवस. तांब्यात भरून ठेवलेलं पाणी सारखं थरथरत असायचं, आणि मला वाटायचं पाणी असंच असतं. तुम्ही खानदेशातून आलात ते साधे कारीगर म्हणून. वीस-बावीस वर्षांनी मास्तर झालात, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारे आणि बाकीच्यांवर नजर ठेवणारे. बिघाड तुम्ही ऐकून ओळखत नव्हतात, मागाच्या लाकडावर तळहात ठेवून ओळखायचात. तुमचे कान केव्हाच गेले होते. एका बाजूने थोडं ऐकू यायचं, दुसऱ्या बाजूने नाहीच. खात्यातली सगळीच माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलायची, त्यामुळे तुम्हाला त्यात काही कमी वाटत नव्हतं. घरी आम्ही ओरडायचो. माय भाकरी थापताना ओरडायची, मी पाढे ओरडून म्हणायचे, आणि पाहुणे आले की त्यांना वाटायचं आपण भांडण चालू असतानाच आलो.

मी कॉम्प्युटरवर साड्यांचे काठ काढायच्या ऑफिसात लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिथल्या बाईंनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "बेन, तू इतनी चिल्लाती क्यों है?" मला रडू आलं नाही, पण त्या दिवसापासून मी हळू बोलायला शिकले. इतकी हळू, की घरी आल्यावरही आवाज चढेना. त्या तीन वर्षांत मी तुमच्याशी काय बोलले असेन ते बहुतेक तुमच्यापर्यंत पोचलंच नाही, आणि मीही परत सांगायचे नाही. 'जाऊ दे' म्हणायची सवय मला तेव्हाच लागली.

त्याच ऑफिसने नवे कॉम्प्युटर आणले तेव्हा जुना मला मिळाला. तो घरी आला आणि माझ्या डोक्यात स्टुडिओ शिरला. पर्वत पाटियाजवळ एक कॅसेटवाला होता. अहिराणी लग्नाची गाणी, भोजपुरी, भजनं, जे खपेल ते काढायचा. माय आणि तिच्या बायका हळदीला गायच्या ते त्याने कुठल्याशा लग्नात ऐकलं होतं आणि मला म्हणाला होता, "साफ आवाज में भरके ला, मैं निकालता हूँ. फिर तेरे पास काम की कमी नहीं." मला तेवढं पुरे होतं. तेव्हा गावाकडचं एक स्थळ आपल्या दारात येऊन बसलं होतं. मुलगा चांगला होता, त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण तिकडे गेले असते तर कॉम्प्युटर, माइक सगळं संपलं असतं. मी तुमच्यासमोर बसून, तोंड वेंगाडत, ओठ दिसतील अशा बेताने सांगितलं की मला घरी बसून करता येईल असा धंदा करायचा आहे. मग पाहुण्यांना निरोप धाडलात, दिवाळीनंतर बघू. मायने कपाळाला हात लावला.

भागळजवळच्या त्या दुकानात तुम्ही माझ्याबरोबर आलात, गरज नसताना. गरबावाल्यांचे भोंगे, ऑर्गन, ऑर्केस्ट्राचे ढोल यांच्या मधून वाट काढत आपण काउंटरपर्यंत गेलो. दुकानदारकाकांनी तीन वस्तू मांडल्या. एक चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर, त्याला कॉम्प्युटर लागत नाही. एक साधं कार्ड, कॉम्प्युटरच्या आत बसणारं. पण आत बसतं म्हणून कॉम्प्युटरच्या पोटातली घरघरही घेतं. आणि तिसरा तो डबा. कार्ड आत आणि डबा बाहेर, जाड वायरने जोडलेला. दोन माइक लावायची सोय, दोन मोठी बटणं आणि पुढे दिव्यांची ओळ, हिरव्यापासून लालपर्यंत. मुंबईहून कोणासाठी तरी मागवला होता आणि त्या माणसाने नेला नव्हता. माझ्या जुन्या कॉम्प्युटरपुढे तो डबा म्हणजे नाकापेक्षा मोती जड होता. मी साध्या कार्डाकडेच हात केला होता. तेवढ्यात काकांनी डब्याचा हेडफोन तुमच्या डोक्यावर चढवला, माइक माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "बोल बेटा." मी ऑफिसातल्या आवाजात म्हटलं, "नाना, घरी जाताना भाजी घ्यायची आहे." काकांनी बटण फिरवलं. तुम्ही एकदम माझ्याकडे वळलात. ओठांकडे नाही, डोळ्यांकडे. म्हणालात, "तू इतलं हळू बोलस?"

मग निवडायला काही उरलं नाही. हिला म्हणजे धाकट्याच्या मुलीला मी हे लिहिलं नाही, की आम्ही इंटरफेस कसा निवडला तर एका बहिऱ्या माणसाला भाजीचं वाक्य ऐकू आलं म्हणून निवडला. काका भले होते. खोक्यात भरता भरता त्यांनी विचारलं, "घर शांत छे ने? आ डब्बो बधुं पकडशे." हा डबा सगळं पकडतो, घर शांत आहे ना. मी म्हटलं, "एकदम शांत." तुम्हाला प्रश्न ऐकू गेला नव्हता, तरी माझ्याकडे बघून तुम्हीही मान हलवलीत. मी खोटं बोलले नव्हते. माझ्या समजुतीप्रमाणे आपलं घर शांत होतं. घरात लहान मूल नव्हतं, खोली रस्त्यापासून आत होती, समोरची काकू एकटीच राहायची आणि तिच्याकडे रेडिओसुद्धा नव्हता.

पहिलं रेकॉर्डिंग एका दुपारी झालं. माय, समोरची काकू आणि तिच्या ओळखीच्या दोघी. कॉटवर बसल्या, मध्ये माइक. मायने आधी हळदीचं गाणं म्हणायला नकार दिला, कारण हळद नसताना हळदीचं गाणं म्हणायचं नसतं. मग तिनेच तोड काढली. हळकुंड आणून दोऱ्याने माइकच्या दांड्याला बांधलं, कुंकू लावलं आणि म्हणाली, आता झाला हा नवरदेव. चौघी हसून लोळल्या आणि त्या हसण्यातच सुरू झाल्या. एकीने ओळ टाकायची, तिघींनी उचलायची. आठ गाणी एका बैठकीत. मी हेडफोनमध्ये ऐकत होते. नंतरच्या आयुष्यात मी पुष्कळ चांगल्या गाणाऱ्यांचे आवाज भरले, पण इतकं चांगलं परत मिळालं नाही. त्या दिवशी मी फार खूश होते. हे मुद्दाम लिहिते, कारण यापुढे या पत्रात तसं काही नाही.

कॅसेटवाल्याने ते त्याच्या मोठ्या स्पीकरवर लावलं. अर्धं गाणं झाल्यावर त्याने आवाज कमी केला. "ये पीछे क्या चल रहा है?" मी म्हटलं, "क्या?" तो म्हणाला, "ये." आणि टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं. खट् खट्, खट् खट्. मी कान देऊन ऐकलं. मला काही ऐकू येत नव्हतं. तो माझ्याकडे असा बघू लागला, जणू मी त्याची थट्टा करते आहे. "अरे लूम! लूम चल रहे हैं तेरे गाने में!" त्याने तो शब्द उच्चारला आणि ते सुरू झालं. आधीपासून होतंच, पण माझ्यासाठी तेव्हा सुरू झालं. मायच्या आवाजाच्या खाली, वर, मधे, सगळीकडे माग. चोवीसच्या चोवीस. त्या भल्या डब्याने एकही सोडला नव्हता. साधं कार्ड घेतलं असतं तर त्याच्याच घरघरीत अर्धे बुडाले असते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

मी घरी आले आणि जिन्यातच थांबले. चोवीस वर्षं मी ज्या आवाजात जेवले, झोपले, अभ्यास केला, तो मला पहिल्यांदा ऐकू येत होता, आणि तो आता थांबेना. भिंतीतून, फरशीतून, उशीतून. लोकांना वाटतं आवाजाची सवय होते. होते, पण मोडल्यावर परत होत नाही. मी खिडक्यांना गोधड्या लावल्या, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या, खात्यातल्या टाकाऊ कापडाची पोती भिंतीला रचली. खोली भट्टीसारखी तापायची आणि माग तसेच यायचे. आठवड्यातून एक दिवस आपल्या भागाची लाइट कापलेली असायची, त्या दिवशी खातं बंद, सगळी गल्ली गप्प. पण लाइटच नाही म्हटल्यावर माझा कॉम्प्युटरही बंद. लाइट आहे तर माग आहेत, माग नाहीत तर लाइट नाही. अति झालं आणि हसू आलं असा प्रकार, फक्त हसू आलं नाही. कॉम्प्युटर उचलून दुसरीकडे नेण्यात अर्थ नव्हता. घरी बसून करीन असा शब्द देऊन मी तुमच्याकडून दिवाळीपर्यंतची मुदत घेतली होती.

एकदा जेवताना मी हे सगळं बोलले. तुम्हाला उद्देशून नाही, मायशी. ऑफिसातल्या आवाजात. तुम्ही भाकरी मोडत होतात. मला अजून कळत नाही तुम्ही माझे ओठ कधी बघितलेत.

दोन-तीन दिवसांनी, भर दुपारी, मी सुटीवर घरी होते. कॉम्प्युटर चालू होता, पंखा चालू होता, आणि खालचे माग बंद पडले. एकेक करत नाही, सगळे एका झटक्यात. वरच्या खोल्यांची लाइन वेगळी असल्याने दिवे तसेच होते. माय पिठाच्या हातांनी गॅलरीत धावली. "काबरं बंद पडनं? कोन गयं?" समोरची काकू डोक्यावर पदर ओढत बाहेर आली. नाना, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. लाइट जाऊन खातं बंद झालं तर कोणी मान वर करत नाही. पण लाइट आहे आणि माग थांबलेत, असं आपल्या गल्लीत एकाच कारणाने होतं. खात्यातलं कोणीतरी मेलं की. जिन्यात पावलं वाजली आणि तुम्ही दारात आलात, केसांत कापसाची भुकटी, हात ग्रीसने काळे. मायला म्हणालात, "कोनी नही गयं. गानं म्हना." आणि मला, "कर आते. अर्धा तास शे."

मी डबा चालू केला. हळकुंड दांड्यावर तसंच होतं. माय बसली, काकू बसली, त्या दोघी हाक मारल्याबरोबर आल्या, चेहरे उतरलेले. मायने ओळ टाकली. तिचा आवाज मला ओळखू येईना, बारीक, चाचपडत, अंधारात पायरी शोधावी तसा. जिथे तिघींनी उचलायचं तिथे कोणी उचललं नाही. मग तिघी तीन वेळी आल्या. इतकी वर्षं त्यांनी मागांच्या ठेक्यावर गायलं होतं, हे त्यांना माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. काकू कुजबुजली, "आशा सुन्यामा लगीननं गानं म्हनतस का?" मायने तिला डोळ्यांनी गप्प केलं आणि दाराकडे खूण केली. तुम्ही उंबऱ्यावर बसला होतात. तुम्हाला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. तुम्ही डब्याचे दिवे बघत होतात. हिरवे दिवे वर जायचे, खाली यायचे, आणि तुमचं बोट गुडघ्यावर ठेका धरून हलत होतं. बायका तुमच्या तोंडाकडे बघून गात राहिल्या. एक संपलं की दुसरं, सगळी रडकी.

खाली खात्यातली माणसं गल्लीत येऊन उभी होती. शेजारच्या खात्यातून माणूस विचारायला आला, त्याने आणखी कोणाला सांगितलं, आणि कोणीतरी मार्केटात शेठला फोन लावला. शेठ स्कूटरवर आला. मी गॅलरीतून बघितलं. पांढरा रुमाल हातात, चेहरा अगदी मयताला जायचा करून आला होता बिचारा. जिना चढून आला आणि दारात हळू आवाजात विचारलं, "कोण ऑफ थई गयुं, मास्तर?" म्हणजे कोण गेलं. तुम्ही उठलात. ओठ बघून तुम्हाला प्रश्न कळला होता. म्हणालात, "कोई नहीं, शेठ. बेटी का गाना था." शेठने खोलीत बघितलं. चार बायका, माइक, माइकला बांधलेलं हळकुंड. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने रुमाल खिशात घातला आणि खाली गेला. तो दुःख करायला आला होता आणि इथे कोणी मेलं नव्हतं, हे त्याच्या मनाला लागलं असणार. दुसऱ्या दिवशी त्याने तुम्हाला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं आणि खोलीही महिन्याभरात सोडायला लावली. इतक्या वर्षांत तुम्ही एकदाही माग विनाकारण थांबवला नव्हता, असं तुम्ही त्याला म्हणालात म्हणे. त्यावर तो म्हणाला, म्हणूनच तर मी आलो.

त्या रात्री जेवणं झाल्यावर तुम्ही मला एकच विचारलंत. "बरं उनं का?" चांगलं आलं का. मी तुमच्या बाजूला तोंड करून, ओठ नीट उघडून सांगितलं, "एकदम मस्त उनं, नाना." तुम्ही मान हलवलीत आणि अंथरूण घातलंत.

मी दोन्ही रेकॉर्डिंगं कॅसेटवाल्याकडे नेली. दुसरं त्याने एक मिनिट ऐकलं आणि बंद केलं. "ये शादी है कि मैयत?" मग पहिलं परत लावलं आणि मान डोलवत शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाला, "यही निकालते हैं. लेने वाले कौन हैं? सब लूम वाले. उनको थोड़े ही सुनाई देगा." आणि तसंच झालं. नवागाम, दिंडोली, सगळीकडे ती कॅसेट वाजली आणि एकानेही आवाजाची तक्रार केली नाही. मला काम मिळू लागलं. भजनी मंडळं, गरब्याची गाणी, शाळेचे कार्यक्रम. स्थळ परत गेलं. नव्या खोलीजवळ माग नव्हते. तुम्ही दूरच्या एका खात्यात साधे कारीगर म्हणून लागलात, वयाच्या पन्नाशीनंतर, बारा बारा तास उभे. तुम्हाला मास्तर म्हणणारं कोणी उरलं नाही, पण तुम्ही कधी तोंडातून शब्द काढला नाहीत. मीही नाही.

गावाकडच्या एका लग्नात मांडवाच्या भोंग्यावर आपली कॅसेट लागली. तिथे माग नव्हते, शेतं होती, सगळं मोकळं, आणि भोंग्यातून गाण्याबरोबर आख्खं खातं बाहेर पडत होतं. एका पाहुण्याने कानाला हात लावून तुम्हाला विचारलं, "हाई मांगे काय वाजी राहिनं?" तुम्हाला वाटलं तो गाण्याबद्दल विचारतो आहे. तुम्ही छाती फुगवून सांगितलंत, की या गाण्यासाठी मी सगळं खातं बंद ठेवलं होतं, एक माग चालू नव्हता. तो तुमच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मी वाढपाची बादली उचलली आणि पंगतीकडे गेले. मायने सगळं ऐकलं होतं. ती मला त्याबद्दल कधी बोलली नाही. पुढे प्रत्येक लग्नात तुम्ही ते सांगायचात, आणि लोक हसायचे नाहीत, कारण तुमच्याबद्दल त्यांना आदर होता.

तुम्ही सहा वर्षांनी गेलात, छातीच्या दुखण्याने. मी रडले नाही. लोकांना वाटलं मी खंबीर आहे. मला फक्त दमल्यासारखं झालं होतं आणि चहा हवा होता. तुमच्यासाठी कुठलंही खातं थांबलं नाही, कारण तेव्हा तुम्ही कुठल्याच खात्यात नव्हतात. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि तरीही काही वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. जिभेला चटका बसल्यावर दोन दिवस चव कळत नाही ना, तसं माझं इतकी वर्षं चाललं आहे.

हे तुम्हाला पाठवायची सोय असती तरी मी पाठवलं नसतं. त्या दिवशी पहिल्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यातच मला कळलं होतं की याचं काही होणार नाही. दोन मिनिटं झाली असतील. तेव्हाच मी उठून तुमच्या खांद्याला हात लावला असता, 'नाना, चालू करा' म्हटलं असतं, तर खालच्यांच्या विड्या पेटायच्या आत माग सुरू झाले असते. शेठला फोन गेला नसता, आणि तुम्ही मास्तर म्हणूनच म्हातारे झाला असता. मी म्हटलं नाही. लोकांना सांगायला माझ्याकडे कारण तयार होतं, की तुम्ही दिव्यांकडे इतके खुशीने बघत होतात, तुमचं मन मोडवेना. स्वतःलाही मी तेच सांगत आले. ते खरं नाही. कॅसेटवाल्याकडून आल्यापासून ते खट् खट् माझ्या डोक्यात घण घातल्यासारखं चाललं होतं, आणि त्या दुपारी ते थांबलं. पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. मोरीत थेंब पडत होता. तुमच्या श्वासातली बारीक शिट्टी ऐकू येत होती, उंबऱ्यापासून माझ्यापर्यंत. बायका गात होत्या त्या गप्प झाल्या असत्या तर मला आणखी बरं वाटलं असतं. तो अर्धा तास मला हवा होता, नाना, आणि गाण्यासाठी नाही.